अंथरुणावरचं माणूस आणि थंडीचे दिवस : घरी सेवा करणाऱ्यांसाठी

पहिल्या हिवाळ्यात मी रोज रात्री विचारायचे, "आत्याबाई, थंडी वाजते का?" सासूबाई म्हणायच्या, "नाही गं, बरी आहे मी." मग मी त्यांची गोधडी सारखी करून झोपायला जायचे. एका पहाटे डायपर बदलताना माझा हात त्यांच्या पोटाला लागला आणि मी चरकले. पोट गार होतं. हातपाय गार पडलेले मी रोजच बघत होते, पण पोट गार लागणं वेगळं. हाक मारली तर डोळे उघडले, पण जीभ जड झालेली, "झोपू दे" एवढंच बोलल्या. थर्मामीटर ९५ च्या जेमतेम वर. डॉक्टरांना फोन लावला. ते सांगत गेले तशी ओलसर चादर काढली, कोरडे कपडे चढवले, छाती-पोटाभोवती गरम केलेली ब्लँकेटं गुंडाळली आणि शेजारी बसून राहिले. तासाभराने त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

आमचं गाव निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतो, आणि काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली जातो. आत्याबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, त्याला आता सहा हिवाळे झाले. ज्यांच्या घरात यंदा पहिल्यांदाच कुणी अंथरुणाला खिळलंय आणि ज्यांच्यावर त्यांचं सगळं करायची जबाबदारी आली आहे, त्या सुनांसाठी, मुलांसाठी, बायका-नवऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मला हे सगळं कुणी आधी सांगितलं असतं तर ती पहाट टळली असती.

१. आधी हात लावून बघायला शिका

म्हाताऱ्या माणसाच्या "थंडी नाही वाजत" या उत्तरावर विसंबू नका. ते खोटं बोलत नसतात. वय वाढलं की थंडीची जाणीवच बोथट होते, अंग कापणंही कमी होतं. पक्षाघात, मधुमेह, विसराळूपणाचा आजार असेल तर आणखी. शिवाय आपल्याकडची मोठी माणसं "पोरीला कशाला उठवू" म्हणून गप्प राहतात, तो भाग वेगळाच.

म्हणून विचारू नका, बघा. तळहाताची मागची बाजू कपड्यांच्या आत घालून पोटाला किंवा दोन खांद्यांच्या मध्ये पाठीला लावा. तिथं ऊब असेल तर ठीक. हाताची-पायाची बोटं गार असली तर मोजे चढवा, पण त्यावरून सगळ्या अंगाचा अंदाज बांधू नका. लुळी पडलेली बाजू तर बहुधा दुसरीपेक्षा गारच लागते. दिवसातून चार वेळा बघा : सकाळी उठल्यावर, अंघोळीनंतर, दिवेलागणीला आणि रात्री डायपर बदलताना. महिन्याभरात हाताला सवय होते, मग चादर सारखी करता करताच कळतं.

डिजिटल थर्मामीटर घरात हवंच. माणूस बरं असताना आठवडाभर रोज एकाच वेळी, एकाच जागी, समजा काखेत, तापमान घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आत्याबाईंचं नेहमीचं ९७ च्या आसपास असतं, त्यामुळे त्यांचा ९९ म्हणजे माझ्यासाठी तापच. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप सडकून येईलच असं नाही, म्हणून त्यांचा स्वतःचा आकडा माहीत असणं फार उपयोगी पडतं.

२. दिवाळीनंतर लगेच उरकायची कामं

थंडी पडल्यावर धावाधाव नको. कडाका सुरू व्हायच्या आत एकदा डॉक्टरांची भेट घ्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बऱ्याच जणांचं बीपी हिवाळ्यात चढतं. उन्हाळ्यात ठरवलेला गोळीचा डोस जानेवारीत पुरेलच असं नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका, की बंदही करू नका. झोपेच्या किंवा मन शांत ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी शरीराची ऊब राखायची ताकद कमी होऊ शकते. माणूस सारखं गारठत असेल, सुस्तावलं असेल तर थायरॉइड तपासायचं का, हेही त्याच भेटीत विचारा.

लसीचं विचारा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. न्यूमोनियाची लस वेगळी असते. इथं एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. फ्लूची लस आपणही घ्यायची. अंथरुणावरचं माणूस घराबाहेर जात नाही, मग त्याला सर्दी-खोकला येतो कुठून? आपल्याकडूनच, शाळेतून आलेल्या पोरांकडून, भेटायला आलेल्या पाहुण्यांकडून. खोकणाऱ्या पाहुण्याला दारातच "आज नको, बरं वाटल्यावर या" असं सांगायला शिका. लोक रागावतात, पण चार दिवसांनी विसरतात.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यासाठी आजारी माणसाला सकाळच्या गारठ्यात रिक्षात घालून बँकेत नेऊ नका. जीवन प्रमाणच्या ॲपवर आधारला जोडलेल्या चेहऱ्याच्या ओळखीने तो आता घरबसल्या मोबाइलवरून देता येतो. तेही जमत नसेल तर पोस्ट पेमेंट बँकेचा पोस्टमन घरी येऊन करून देतो. पोस्टात जाऊन चौकशी करा, थोडं शुल्क पडतं. केंद्र सरकारच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच ही सोय असते.

३. खोली

आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, फरशी, मोठ्या खिडक्या. पत्र्याचं घर असेल तर दिवसा तापतं आणि रात्री झरझर थंड होतं. म्हणून हिवाळ्यापुरती माणसाची खोली बदलता आली तर बदला. पूर्वेचं किंवा दक्षिणेचं ऊन येणारी, लहान, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली चांगली. आम्ही आत्याबाईंची कॉट नोव्हेंबरात पुढच्या मोठ्या खोलीतून मधल्या खोलीत आणतो आणि शिमग्यानंतर परत पुढं नेतो. त्यांना पुढच्या खोलीत बरं वाटतं, येणारे-जाणारे दिसतात, म्हणून दुपारी दोन तास व्हीलचेअरवर तिथं बसवते.

कॉट भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा. बाहेरची भिंत रात्री गार पडते. खिडकीखाली तर कॉट नकोच. कॉटखाली सतरंजी किंवा जाड चटई अंथरा, फरशीचा गारवा खालून वर येतो. दाराच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी लावा. दुपारी खिडकी उघडून ऊन आणि वारा येऊ द्या, आणि चारच्या सुमाराला, ऊन उतरायच्या आत, खिडकी लावून जाड पडदा ओढा. पाच-साडेपाचला लावली तर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते. 

भिंतीला एक साधा तापमापक टांगा. घरात किमान १८ अंश सेल्सिअस असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसाला त्याहून थोडं जास्तच लागतं. आमच्या मधल्या खोलीत पहाटे पाचला १४ दिसलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी स्वतः स्वयंपाकघरातल्या उबेवरून अंदाज बांधत होते.

४. शेगडी, हीटर आणि गिझर

बंद खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, लाकडाची धग, काहीही ठेवू नका. "थोडा वेळ" नको, "दार किलकिलं ठेवून" नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, अख्खं कुटुंब सकाळी उठलंच नाही अशा. शेकोटी ओट्यावर, अंगणात, मोकळ्यावर. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, कारण नंतर शोधा.

बाथरूममधल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे. छोटं बाथरूम, बंद खिडकी आणि आत गॅस गिझर ही जीवघेणी जुळणी आहे. गिझर बाहेर बसवून घ्या. ते होईपर्यंत पाणी बादलीत काढून गिझर बंद करा आणि मगच माणसाला आत न्या.

विजेचा हीटर घ्यायचा तर तेल भरलेला रेडिएटर घ्या, असं माझं मत. महाग पडतो, पण त्याची कांडी लालभडक होत नाही, आवाज नाही. हीटर १००० वॅटचा असेल तर तासाला एक युनिट जातं, २००० चा असेल तर दोन. त्या हिशोबाने ठरवा. आम्ही पहाटे चार ते सात आणि अंघोळीच्या वेळी लावतो, रात्रभर नाही. पिन जाड असते, ती १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेल्या हीटरची वायर वितळताना मी पाहिली आहे. हीटरपासून कॉट, पडदा, गोधडी किमान तीन फूट लांब. अंगाला तेल किंवा व्हॅसलीन चोपडलेलं असेल तर ते कपड्यात मुरतं आणि असे कपडे पटकन पेट घेतात, तेव्हा आणखी सांभाळा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्या खोलीत समई, उदबत्ती, काडी, काहीच पेटवू नका. देवघर त्याच खोलीत असेल तर तेवढ्यापुरतं हलवा.

५. अंगावर काय घालायचं

एक जाड स्वेटर चढवण्यापेक्षा तीन पातळ कपडे जास्त ऊब धरतात, कारण मधल्या थरांत हवा अडकते. आत सुती बंडी, त्यावर फ्लॅनेलचा गाऊन किंवा सदरा, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर. डोक्यातून घालायचे स्वेटर आजारी माणसाला नकोत, लुळ्या हाताचा खांदा ओढला जातो. कपडे घालताना आधी लुळा हात, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला हात मोकळा करायचा. हे एवढं एक शिकलात तरी रोजची निम्मी ओढाताण वाचते.

कानटोपी रात्रीही राहू द्या. मोजे सैल हवेत. पायाला सूज असेल तर मोज्याचं घट्ट इलॅस्टिक वळ उठवतं, ते कात्रीने दोन ठिकाणी कापा. जे काठी घेऊन थोडं चालतात त्यांना नुसत्या मोज्यांवर फरशीवर उतरू देऊ नका, पाय सटकतो. मागून बंद होणारी, रबरी तळाची चप्पल द्या.

पांघरूण हलकं आणि उबदार हवं. दोन जड वाकळा अंगावर टाकल्या तर दुबळ्या माणसाला कूससुद्धा वळवता येत नाही आणि पायाच्या बोटांवर, टाचांवर भार येतो. आमच्याकडे आत आत्याबाईंच्याच जुन्या नऊवारीची गोधडी असते आणि वर एक हलकी दुलई. बेडसोरसाठी एअर बेड असेल तर त्यावर जाड गादी, घोंगडी असं काही अंथरू नका, त्याचा उपयोगच जातो. वर एकच पातळ चादर, आणि ऊब पांघरुणातून द्या.

पांघरूण जाड झालं की खाली काय चाललंय ते दिसत नाही. हिवाळ्यात जखमा वाढतात त्या अशा. दर दोन तासांनी कूस बदला, आणि दिवसातून दोनदा पूर्ण उजेडात माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, घोटे बघा. लाल डाग दिसला तर त्यावर चोळू नका, तेल जिरवू नका. त्या जागेवरचा भार काढा आणि अर्ध्या तासाने परत बघा. लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. टाचेखाली कापडाची चुंबळ ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण चुंबळीच्या कडेने रक्त अडतं. त्यापेक्षा पोटरीखाली लांब उशी ठेवून टाच अधांतरी राहू द्या. लघवीची नळी असेल तर ती गोधडीखाली दुमडत नाही ना बघा, आणि थंडी लागेल म्हणून पिशवी अंथरुणात घेऊ नका. ती कायम कमरेच्या खालीच हवी.

६. शेकायची पिशवी

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. आत्याबाईंचा उजवा पाय बर्फासारखा लागत होता. मी गरम पाण्याची पिशवी भरली, माझ्या हाताला चालेल एवढी गरम होती, आणि पावलाशी ठेवून वर गोधडी घातली. सकाळी मोजा काढला तर टाचेच्या बाजूला रुपयाएवढा फोड. त्यांना काहीच कळलं नव्हतं, कारण त्या पायाला जाणीवच नाही. तो फोड फुटला, चिघळला, भरून यायला दोन महिने लागले. रोज ड्रेसिंग करताना त्या मलाच म्हणायच्या, "असू दे गं, दुखत नाही." मला ते ऐकवायचं नाही.

भाजायला उकळतं पाणी लागत नाही. आपल्याला "छान गरम" वाटणारी वस्तू तासन् तास एकाच जागी टेकून राहिली तरी कातडी भाजते. ज्या अंगाला जाणीव नाही तिथं गरम पिशवी, विजेचा पॅड, गरम वीट, काही नको. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही नको. गरम पिशवी वापरायची ती अंथरुणासाठी. माणसाला झोपवायच्या अर्धा तास आधी पांघरुणात ठेवा आणि माणूस आडवं व्हायच्या आधी काढून घ्या. अंथरूण गरम झालेलं असतं, तेवढं पुरतं. पिशवीत उकळतं पाणी भरू नका, दोन तृतीयांशच भरा, हवा काढून बूच लावा आणि रबर तडकलेलं असेल तर टाकून द्या. विजेचं ब्लँकेट ज्यांची लघवी कपड्यात होते त्यांच्याखाली घालू नका.

७. अंघोळ

रोज डोक्यावरून पाणी घ्यायलाच हवं असं नाही. मी हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पूर्ण अंघोळ घालते आणि बाकी दिवस अंग पुसून काढते. तोंड, काखा, जांघा, खालची जागा मात्र रोज. शेजारणी काय म्हणतील ते म्हणू देत.

वेळ अकरा ते एकची, ऊन वर आल्यावर. आधी सगळं हाताशी आणून ठेवा : दोन बादल्या, तीन टॉवेल, धुतलेले आणि उन्हात तापवलेले कपडे, तेल, डायपर. माणसाला उघडं करून "अगं, टॉवेल राहिला" म्हणत पळायचं नाही. दार-खिडकी बंद. पाणी कोपराने तपासा, बोटांना कामाची सवय असते, ती फसवतात. अंग पुसताना एका वेळी एकच भाग उघडा : एक हात पुसला, कोरडा केला, झाकला, मग दुसरा. पाठ सगळ्यात शेवटी. बोटांच्या बेचक्या, स्तनांखालची घडी, जांघा टिपून कोरड्या करा, घासून नाही. मग अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचं तेल हलक्या हाताने लावा. हिवाळ्यातली खाज आणि भेगा याने बऱ्याच थांबतात. साबण काखा-जांघांपुरताच.

अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं उन्हात. आत्याबाई ओट्यावर बसतात, डोक्याला पदर, पायावर शाल, आणि मी त्यांचे केस विंचरते. दिवसातला त्यांचा हा सगळ्यात बोलका वेळ असतो.

८. खाणंपिणं

थंडीत तहान लागत नाही आणि पाणी दिलं की डायपर बदलावा लागतो, म्हणून दोघांच्याही नकळत पाणी कमी होतं. मग लघवीला जळजळ, शौचाला खडा, आणि एक दिवस एकदम भ्रम. लघवीचा जंतुसंसर्ग म्हाताऱ्या माणसात कित्येकदा असंबद्ध बोलण्यातूनच दिसतो. गार पाणी नको असेल तर कोमट पाणी, पेज, कुळथाचं कढण, डाळीचं पाणी, सूप, थोडं थोडं दर तासाला द्या. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू, सगळं चांगलं आहे, पण मधुमेहाला गूळ साखरेसारखाच. आणि गिळायला त्रास असेल तर भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण कुस्करून. भरवताना माणूस ताठ बसलेलं हवं आणि त्यानंतर अर्धा तास तसंच. आडवं पडून घास किंवा घोट श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. पांघरुणातून उठवायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे, तरी उठवा. नाकातून नळी असेल तर फ्रिजमधलं फीड तसंच घालू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

९. रात्र

रात्रीची तयारी नऊच्या आत. डायपर, कोरडी चादर, प्लॅस्टिकवर घालायचं सुती कापड, जास्तीचा एक सदरा, टॉर्च, थर्मामीटर, थर्मासमध्ये कोमट पाणी, सगळं कॉटशेजारच्या स्टुलावर. ओला डायपर म्हणजे थंडीला दिलेलं आमंत्रण, म्हणून मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा तपासायचं. मी गजर साडेबारा आणि साडेचारचा लावते. बदलताना पांघरूण पायाकडून वर करते, छाती उघडी पडू देत नाही, आणि आपले हात आधी एकमेकांवर चोळून गरम करते. झोपेतल्या माणसाला गार हात लागला की ते दचकतं.

कडाक्याच्या रात्री आमच्याकडे द्राक्षबागेची वेगळी धावपळ असते. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून मालक, म्हणजे माझे यजमान, पहाटे ड्रिपचं पाणी सोडायला आणि बांधावर शेकोट्या पेटवायला जातात. त्या वेळी घरात आम्ही दोघीच. तुमच्याकडेही रात्री एकटं राहायची वेळ येत असेल, तर एका शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा की रात्री फोन आला तर उठायचं आहे.

१०. वाट बघू नका अशी लक्षणं

पोट गार, जीभ जड, हाक मारल्यावर उशिरा प्रतिसाद, गोंधळलेलं बोलणं, आणि थर्मामीटर ९५ फॅरनहाइटच्या खाली : १०८ लावा. गाडी येईपर्यंत ओले कपडे काढा, छाती-पोटाभोवती ऊब द्या, डोकं झाका. हातपाय जोरजोरात चोळू नका, गरम पाण्यात बुडवू नका, ब्रँडी तर मुळीच देऊ नका, तिनं ऊब आणखी निघून जाते. माणूस नीट जागं असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पाणी.

तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर ती वेळ घड्याळात बघून लिहा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. छातीत दुखणं, दम लागणं, ओठ निळसर पडणं यातही थेट १०८.

ऑक्सिमीटरचा आकडा एकदम कमी दाखवला तर आधी बोट गरम करून परत लावा, गार बोटावर ते चुकीचं दाखवतं. पण माणूस धापा टाकत असेल तर बोट गरम करत बसू नका. साखर तपासतानाही बोट कोमट कपड्यात धरून मग टोचा, एका टोचणीत रक्त येतं.

११. आणि तुम्ही

तिसऱ्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. दोन महिने मी पहाटे साडेचारला अनवाणी, साध्या साडीवर उठत होते. आत्याबाईंच्या अंगावर तीन थर आणि माझ्या अंगावर एक. स्वेटर कपाटात होता, पण कपाट उघडलं तर त्या जाग्या होतील म्हणून मी तसंच करायचे. खोकला लागला तो महिनाभर अंगावर काढला. शेवटी मी आठ दिवस दवाखान्यात आणि आत्याबाईंना कुणी कूस वळवायला नाही. त्या आठ दिवसांत त्यांच्या माकडहाडावर जखम झाली.

तेव्हापासून माझा स्वेटर, मोजे आणि सपाता माझ्या अंथरुणाशेजारी जमिनीवर असतात. पाय सपातांत गेल्याशिवाय मी उठत नाही. एक थर्मास माझा वेगळा. रात्रीचा गजर दोघांत वाटून घेतला आहे, साडेबाराचा मालकांचा, साडेचारचा माझा, म्हणजे मला सलग पाच-सहा तास झोप मिळते. तुमच्या घरी दुसरं माणूस असेल तर हे मागून घ्या. आपण सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

हात धुऊन धुऊन थंडीत बोटांना भेगा पडतात आणि भेगांतून जंतू शिरतात. भांडी-धुण्याला रबरी हातमोजे, रात्री व्हॅसलीन. कंबर सांभाळा. गारठलेल्या अंगाने एकदम उचलायला गेलं की लचक भरते. माणसाखाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन कडा धरून सरकवा. एकटं असाल तर उचलू नका, कुशीवर वळवा. तुमच्या स्वतःच्या बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्या त्यांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवा.

मनालाही थंडी सोसत नाही. लवकर अंधार पडतो, दारं बंद, दिवसभर एकच चेहरा समोर. मला त्या दिवसांत फार चिडचिड व्हायची, आणि चिडले म्हणून नंतर रडू यायचं. हे बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलीमानसचा फोन आहे. तो मराठीत बोलतो, पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांविषयीच्या चौकशीसाठी १४५६७ आहे. सत्तरीपुढच्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड काढता येतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या दवाखान्यातल्या उपचारांचं. ते आजारपण आल्यावर नको, आत्ताच काढा.

आणि बदली माणूस तयार करा. मी वन्संना फोन करून स्पष्ट सांगितलं, "वन्सं, भोगीला या, पण पाहुण्या म्हणून नको, आईजवळ चार दिवस राहायला या." त्या आल्या. पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सगळं केलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी केलं आणि मी नुसती बघत बसले, तिसऱ्या रात्री मी माडीवर जाऊन दहा ते सहा झोपले. एका कागदावर मी गोळ्यांच्या वेळा, नेहमीचं तापमान, कुठल्या कुशीवर जास्त वेळ झोपवायचं नाही, डॉक्टरांचा नंबर आणि कॉटखालच्या सतरंजीपर्यंत सगळं लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. पहाटे खाली आले तर वन्सं कॉटशेजारी बसलेल्या, स्वेटर घालून, त्यांचा हात गोधडीच्या आत होता. "गरम आहे पोट," त्या हळूच म्हणाल्या, "तू चहा ठेव."